वजन डोक्यावर नेताना

मानवी शरीरातील सांध्यांत खांद्याइतका मोकळा सांधा दुसरा नाही. गुडघा एकाच दिशेने मिटतो आणि उघडतो. खुब्याचा सांधा चहूकडे फिरतो खरा, परंतु तो खोल वाटीत बसलेला असल्यामुळे त्याच्या फिरण्याला लवकरच मर्यादा पडते. खांद्यापासून निघालेला हात मात्र पुढे जातो, मागे जातो, बाजूला पसरतो, पाठीमागे वळतो आणि सरळ आकाशाकडेही उंचावतो. माळ्यावरचा डबा उतरविणे, दोरीवर कपडे वाळत घालणे, आगगाडीत वरच्या फळीवर बॅग चढविणे, फळ्याच्या माथ्यावर तारीख लिहिणे, ही सारी कामे त्या मोकळेपणाच्या बळावर चालतात. ज्याचा हा मोकळेपणा एकदा गेला, त्याला त्याची किंमत केस विंचरताना कळते.

व्यायामशाळेत जाणाऱ्या माणसापुढे या सांध्याविषयीचा एक प्रश्न हटकून उभा राहतो. वजन डोक्यावर न्यावे की नेऊ नये, आणि न्यायचे तर कसे? उत्तरे दोन मिळतात आणि दोन्ही सारख्याच ठामपणे दिली जातात. एक शिक्षक सांगतो, की बारबेल डोक्यावर रेटल्याशिवाय खांदा भरत नाही. तो १८ वर्षांच्या पोराच्या आणि ४५ वर्षांच्या कारकुनाच्या हाती एकच दांडा देतो. दुसऱ्याने कोणाचा तरी खांदा निकामी झाल्याची हकीकत ऐकलेली असते. तो डोक्यावरचा व्यायाम सर्वांनाच वर्ज्य ठरवितो. पहिल्याच्या उत्साहापायी काही खांदे दुखावतात हे उघड आहे. दुसऱ्याच्या काळजीने होणारे नुकसान चटकन दिसत नाही, इतकेच. जो हात वर्षानुवर्षे भार घेऊन खांद्याच्या उंचीपलीकडे गेलाच नाही, त्याला साठीनंतर गाडीतली ती बॅग जड व्हावी, यात नवल ते काय?

या वादाचा निकाल लावण्यापूर्वी खांद्याची रचना थोडी समजून घेणे इष्ट आहे. दंडाच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असते आणि ज्या खाचेत ते टेकते ती खाच बशीसारखी उथळ असते. चेंडू मोठा, बशी लहान. हा चेंडू बशीवरून घसरू नये म्हणून चार लहान स्नायू आपल्या कंडरांनी त्याला चहूबाजूंनी वेढून धरतात. त्यांना ‘रोटेटर कफ’ असे इंग्रजीतून आलेले नाव आहे. आरशात दिसणारा खांद्याचा भरदार त्रिकोणी स्नायू वजन वर नेतो. परंतु तो ओढत असताना चेंडू जागेवर राखण्याचे काम हे चौघे करतात. त्यांचे कौतुक कोणी करीत नाही, कारण ते दिसत नाहीत.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. ती उथळ बशी ज्या हाडावर आहे ते हाडच मुळी स्थिर नाही. पाठीवरचे ते त्रिकोणी चपटे हाड, ज्याला बोलीत फरा आणि शास्त्रात अंसफलक म्हणतात, बरगड्यांवरून सरकते आणि वळते. हात खालून पूर्ण वर जाईपर्यंत सुमारे १८० अंशांचा प्रवास होतो. त्यांतील सुमारे १२० अंश चेंडू बशीत फिरल्यामुळे मिळतात आणि उरलेले ६० अंश फरा स्वतः वर वळल्यामुळे मिळतात. हे प्रमाण अमेरिकेतील तीन संशोधकांनी १९४४ साली मांडले. पुढील मोजमापांत ते माणसागणिक आणि हालचालीच्या टप्प्यागणिक थोडेफार बदलते असे आढळले. तथापि मूळ गोष्ट कायम आहे. फरा वळला नाही तर हात वर जात नाही. आणि फरा मोकळेपणाने वळायचा, तर ज्या पाठीवरून तो सरकतो ती पाठ सरळ असावी लागते. हे कोणालाही बसल्या जागी पाहता येईल. पोक काढून बसावे आणि हात वर न्यावा; मग पाठ ताठ करून तोच हात पुन्हा वर न्यावा. दिवसभर लिहिण्याच्या मेजाशी किंवा यंत्राच्या पडद्यापुढे वाकून बसणाऱ्या माणसाचा खांदा डोक्यावरच्या व्यायामात का कुरकुरतो, याचे बरेचसे उत्तर या दोन हालचालींतल्या फरकात सापडते.

यावरून व्यायामशाळांतील एका लाडक्या सूचनेचाही विचार करावासा वाटतो. ‘खांदे खाली दाबून ठेवा’ असे वजन वर नेतानाही सांगण्याची पद्धत आहे. बाकावर उताणे पडून वजन रेटताना ती सूचना ठीक आहे. पण हात डोक्यावर जात असताना फरा खाली दाबून धरणे म्हणजे दार उघडताना ते पायाने अडवून धरण्यासारखे आहे. हात पूर्ण वर गेला, की खांदा कानाकडे थोडा उचलला गेलाच पाहिजे.

डोक्यावरच्या या व्यायामाचा एक जगजाहीर इतिहास आहे, आणि त्यात या साऱ्या प्रश्नाचे मर्म आहे. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकपासून १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकपर्यंत भारोत्तोलनात तीन प्रकार होते : प्रेस, स्नॅच आणि क्लीन अँड जर्क. प्रेसमध्ये वजन जमिनीवरून खांद्यापर्यंत आणायचे, तेथे स्थिर व्हायचे, आणि मग गुडघे न वाकविता केवळ हातांच्या जोरावर ते डोक्यावर न्यायचे. कवायतीतील सैनिकासारखे ताठ उभे राहावे ही मूळ अपेक्षा. ‘मिलिटरी प्रेस’ हे नाव त्यातूनच आले. पण स्पर्धा आली की माणूस नियमाच्या कडा शोधतो. मल्ल कंबरेतून मागे रेलू लागले. मागे रेलले, की छातीचा वरचा भाग वजनाखाली येतो आणि खांद्याच्या कामात छातीचे मोठे स्नायू वाटेकरी होतात. रेलणे वाढत वाढत असे झाले, की उभ्याने वजन वर नेणे कोणते आणि जवळजवळ उताणे होऊन ते रेटणे कोणते, हे पंचांना ठरविता येईना. म्युनिकला वासिली अलेक्सेयेव्ह या सोव्हिएट मल्लाने प्रेसमध्ये २३५ किलो आणि तिन्ही प्रकार मिळून ६४० किलो उचलले. त्यानंतर प्रेस स्पर्धेतून काढून टाकण्यात आला आणि १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून स्नॅच आणि क्लीन अँड जर्क हे दोनच प्रकार उरले. निर्णय देण्यातील अडचण हे मुख्य कारण. कण्यावर येणाऱ्या ताणाची भीतीही बोलून दाखविली जात असे.

जागतिक विजेत्यांनी जे जाणूनबुजून केले तेच सामान्य माणूस नकळत करतो. त्याचा हात पूर्ण वर जात नाही. वजन तर न्यायचे असते. मग खांदा जे देत नाही ते कंबरेकडून उसने घेतले जाते. पोट पुढे येते, बरगड्या वर उचलल्या जातात, कंबरेत खोल बाक पडतो, आणि दांडा कसाबसा वर पोचतो. बघणाऱ्याला व्यायाम झाल्यासारखा वाटतो. हिशेब मात्र पाठीच्या मणक्यांच्या नावे मांडला जातो.

योगायोग असा, की त्याच १९७२ साली चार्ल्स नीर या अमेरिकन शल्यचिकित्सकाचा एक गाजलेला निबंध प्रसिद्ध झाला. चेंडूच्या वर हाडाचे एक लहानसे छत असते. हात उचलताना मधल्या पोकळीतील कंडरा या छताखाली चेपली जाते, घासली जाते आणि त्यातून खांद्याचे दुखणे उद्भवते, असे त्याचे प्रतिपादन होते. त्यावर त्याने छताचा पुढचा भाग तासण्याची शस्त्रक्रिया सुचविली. चित्र डोळ्यांपुढे सहज उभे राहते, म्हणूनच ते लोकांच्या मनात घट्ट बसले. पुढील अनेक वर्षे लाखो खांद्यांचे निदान या एका चित्राच्या आधारे झाले, आणि ‘हात डोक्यावर नेला की हाड घासते’ ही भीती दवाखान्यातून व्यायामशाळेत उतरली.

२०१८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधील एका चाचणीचे निष्कर्ष आले. काही रोग्यांचे ते हाड खरोखर तासले होते. काहींच्या खांद्यात केवळ दुर्बीण घालून पाहिले, तासले काहीच नाही. काहींवर शस्त्रक्रियाच केली नाही. तासलेल्यांना आणि नुसते दुर्बिणीने पाहिलेल्यांना सारखाच आराम पडला. शस्त्रक्रिया मुळीच न झालेल्यांच्या तुलनेतही फरक इतका थोडा होता, की रोग्याच्या दृष्टीने त्याला फारसे महत्त्व नव्हते. तेव्हा दुखण्याचे सारे खापर त्या छतावर फोडता येत नाही. शिवाय दुखरा टप्पा बहुधा ६० ते १२० अंशांच्या दरम्यानचा, म्हणजे मधला असतो. हात पूर्ण वर गेल्यावर ती कंडरा छताखालून बरीचशी पलीकडे गेलेली असते. कंडरेला पेलेल एवढा भार देत, तो हळूहळू वाढवीत गेल्यास ती अधिक समर्थ होते, हे मत आता अधिक मान्य आहे. डोक्यावरच्या व्यायामावरील सरसकट बंदी या ज्ञानापुढे टिकत नाही. अर्थात वाटेल तो व्यायाम वाटेल त्या रीतीने करण्याचा परवानाही त्यातून मिळत नाही.

निवड कशी करावी? पहिली कसोटी वजनाविना घ्यावयाची आहे. जमिनीवर उताणे पडावे, गुडघे वाकवून पाऊल जमिनीवर टेकवावे, कंबर जमिनीलगत ठेवावी आणि दोन्ही हात कोपरांत सरळ ठेवून डोक्यामागे न्यावे. कंबर न उचलता अंगठे जमिनीला टेकले, तर त्या खांद्याला डोक्यावर जाण्याची वाट मोकळी आहे. हात अधांतरी राहिले किंवा कंबरेत कमान पडली, तर उभ्याने बारबेल डोक्यावर नेण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. ही कसोटी दोन मिनिटांची आहे आणि तिला एक पैसाही लागत नाही. तरीही व्यायामशाळेत नाव घालताना छाती आणि दंड मोजले जातात, ही कसोटी घेतली जात नाही.

ज्यांचे हात अधांतरी राहतात त्यांच्यासाठी एक उत्तम मधली वाट आहे. बारबेलचे एक टोक भिंतीच्या कोपऱ्यात कापडाची घडी घालून टेकवावे, दुसरे टोक एका हाताने खांद्यापाशी धरावे आणि ते पुढे व वर असे तिरपे रेटावे. व्यायामशाळांत याला ‘लँडमाइन प्रेस’ असे भीतिदायक नाव आहे. व्यायाम मात्र गरीब स्वभावाचा आहे. हात पूर्ण उभा होत नाही, तिरपाच थांबतो, आणि फऱ्याला पुढे व वर वळण्याची सवय लागते. एक गुडघा जमिनीवर टेकून तो केला, तर कंबरेला मागे रेलण्याची संधीही फारशी उरत नाही. जोडीला सूर्यनमस्कारातील पर्वतासन संथपणे करावे. त्यात तळहात जमिनीवर असतात आणि दंड कानांच्या रेषेत येतात. म्हणजे खांद्याची स्थिती डोक्यावर वजन धरल्यासारखीच असते, भार मात्र आपल्याच शरीराचा आणि हवा तेवढा कमी-अधिक करता येणारा.

कसोटीस उतरलेल्या बहुतेकांसाठी पहिली पसंती डंबेलच्या जोडीला द्यावी. दांडा दोन्ही हातांना एकाच वाटेने नेतो. डंबेल प्रत्येक हाताला आपली वाट शोधू देतात. तळहात एकमेकांकडे किंवा किंचित तिरपे ठेवावे आणि कोपरे अगदी बाजूला न पसरता थोडी पुढे असू द्यावी. फरा पाठीवर सपाट नसतो, तो बरगड्यांच्या गोलाईवर तिरका बसलेला असतो. त्यामुळे बाजूच्या रेषेपेक्षा ३० ते ४० अंश पुढची वाट खांद्याला सर्वांत सोयीची पडते. उभ्याने डंबेल नेताना वजन कमी घ्यावे लागते, याचा तरुणांना कमीपणा वाटतो. वास्तविक स्नायूंतील विद्युत्-स्पंदने मोजली असता, बसून जड बारबेल नेण्यापेक्षा उभ्याने हलक्या डंबेलच्या व्यायामात त्रिकोणी स्नायू कमी राबत नाही, उलट अधिकच राबताना दिसला आहे. पाठ टेकण्याच्या बाकावर बसून व्यायाम करणे वाईट नव्हे. परंतु बाक अगदी काटकोनात न ठेवता किंचित मागे झुकलेला असावा.

बारबेलचा अव्हेर करण्याचे कारण नाही. ज्याचा खांदा मोकळा आहे त्याला तिच्याइतके प्रामाणिक मोजमाप दुसरे नाही. स्पर्धेतील पुरुषांचा रिकामा दांडा २० किलोचा आणि स्त्रियांचा १५ किलोचा असतो. नवख्याने रिकाम्या दांड्यानेच सुरुवात करावी आणि तोही जड वाटल्यास लाज न बाळगता हलका दांडा घ्यावा. दांडा गळ्याच्या हाडापाशी धरावा, हात खांद्यांहून किंचित रुंद, मनगटांखाली कोपरे. दांडा हनुवटीपाशी आला की डोके जरा मागे घ्यावे आणि तो कपाळावरून पुढे गेला की पुन्हा हातांच्या मध्ये आणावे. पुष्कळजण नेमके उलटे करतात. डोके जागेवर ठेवून दांड्यालाच वळसा घालायला लावतात, आणि त्या वळशात कंबर पुढे जाते. शेवटी दांडा पावलांच्या मध्यावर, मानेच्या मुळाच्या थेट वर असावा. नितंब आवळलेले, बरगड्या खाली. श्वास कोंडून धरू नये. वर नेताना सोडावा. रक्तदाब असणाऱ्यांनी तर हा नियम कटाक्षाने पाळावा, कारण श्वास कोंडून जोर केल्यास रक्तदाब एकदम चढतो.

मानेमागून दांडा नेण्याचा प्रकार अजूनही पुष्कळ ठिकाणी दिसतो. त्यात दंड पूर्ण बाजूला आणि मागे खेचलेला, शिवाय बाहेर वळलेला असतो. खांदा निखळण्याची ही नेहमीची स्थिती होय. ज्यांचा खांदा पूर्वी एकदा निखळला आहे त्यांनी या वाटेला मुळीच जाऊ नये. लवचिक खांद्याचे काही मल्ल तो प्रकार बिनतक्रार करतात, हे खरे. पण समोरून वजन नेल्याने जे मिळते त्याहून फार वेगळे असे त्यातून मिळत नाही. तेव्हा सामान्य माणसाने हा धोका कशासाठी पत्करावा? स्पर्धकाची गोष्ट निराळी. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरच्या कोपराला क्लीन अँड जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नात दुखापत झाली, तरी तो तिसऱ्या प्रयत्नाला उतरला. एकूण २४८ किलोंवर त्याला रौप्यपदक मिळाले. सुवर्ण एका किलोने हुकले. त्या जिद्दीला मुजरा करावा. पण संध्याकाळी कचेरीतून परतताना व्यायामशाळेत डोकावणाऱ्या माणसापुढे पदकही नसते आणि तिसरा प्रयत्नही नसतो.

डोक्यावर भार नेण्याची कला मराठी माणसाला परकीही नाही. पुण्या-कोल्हापूरच्या काय, किंवा इंदूर-बडोद्याच्या काय, तालमींत मुद्गल फिरत आले आहेत. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी ते येथून उचलले आणि ‘इंडियन क्लब’ या नावाने जगभर नेले. १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये ते फिरविण्याची स्पर्धाही झाली. मुद्गल डोक्यामागून जातो तेव्हा खांदा जवळजवळ सर्व दिशांना फिरतो, परंतु हाताला कोणत्याही एका जागी कोंडले जात नाही. हलक्या मुद्गलाची पाच मिनिटे ही डोक्यावरच्या व्यायामाची पूर्वतयारी म्हणून आजही उत्तम आहेत. मात्र येथेही उतावीळपणा नको. जड जोडी वेगाने फिरविणाऱ्याला ती आवरता आली नाही, तर तीच त्याला फिरविते.

किती करावे, याविषयी थोडक्यात. स्नायूंना बळ देणारा व्यायाम प्रौढांनी आठवड्यातून किमान २ दिवस करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे. डोक्यावरचा व्यायामही तेवढ्यात बसतो. ८ ते १२ आवर्तने, शेवटची एक-दोन कष्टाची पण ढब न बिघडता होणारी, असे वजन पुरे. वाढ सावकाश असावी. ठरल्याहून एक-दोन आवर्तने अधिक होऊ लागली, की वजन शेकडा २ ते १० ने वाढवावे असा प्रचलित दंडक आहे. पण पुष्कळ व्यायामशाळांत डंबेल अडीच-अडीच किलोंच्या पायऱ्यांनी ठेवलेले असतात. ५ किलोंवरून ७.५ किलोंवर जाणे म्हणजे एकदम शेकडा ५० ची वाढ. यास्तव लहान डंबेलच्या बाबतीत आधी आवर्तने १५ पर्यंत न्यावी आणि मगच पुढच्या पायरीला हात घालावा. जेवढे वर रेटले जाते तेवढेच पाठीकडे ओढणारे व्यायामही करावे. फरा सांभाळणारे स्नायू त्यातून तयार होतात.

दुखण्याविषयी तारतम्य हवे. दुसऱ्या दिवशीची बोथट ठणक हा व्यायामाचा भाग आहे. हालचालीच्या मध्येच सुईसारखी कळ आली, तर वजन कमी करावे किंवा वाट बदलावी. रात्री त्या कुशीवर झोपवत नाही, हाताला मुंग्या येतात, किंवा हात एकाएकी दुबळा झाला, अशी लक्षणे असतील तर शिक्षकाकडे न जाता डॉक्टरकडे जावे. चाळिशी ते साठीच्या दरम्यान, आणि विशेषतः मधुमेह्यांत, खांदा आखडण्याचा विकार आढळतो. त्यात हात सर्वच दिशांना अडतो. दुसऱ्याने उचलून पाहिला तरी अडतो. असा खांदा वजनाच्या जोराने मोकळा करू पाहणे हे निव्वळ अज्ञान होय.

वजन वर नेण्याविषयी एवढे बोलले जाते, पण ते खाली आणण्याविषयी कोणी बोलत नाही. उतरताना दोन ते तीन सेकंद लागावे. स्नायूला त्या उतरण्यातही काम मिळते. व्यायाम संपल्यावर डंबेल हात लांब पसरवून बाजूच्या जमिनीवर सोडू नयेत, कारण थकलेल्या खांद्यावर त्या क्षणी फार मोठा ताण येतो. ते आधी खांद्यापाशी आणावे, तेथून मांडीवर टेकवावे, आणि मग उठून जागच्या जागी ठेवावे.